सध्या काय पिताय विचारलं तर खरं सांगा ना

आज डोकं सटकलंय, लांबण लागणारे, आधीच सांगते. आम्ही घरी वाइन करणारे पाच जण भेटलो. ठरलं काय होतं, तर सध्या जे पिताय त्याची एक बाटली घेऊन या. पाच जण, पाच बाटल्या आणि पाचही विकतच्या! न्यूझीलंडच्या मार्लबरोची पांढरी सोव्हिन्यॉ ब्लांक, एक इटलीची फेसाळ प्रोसेको, एक स्पेनची मुरवलेली लाल रिओहा रिझर्वा, वगैरे वगैरे. ज्याच्या घरी आत्ता तीन जार बुडबुडतायत तो माणूस रिओहाच्या लेबलावर दहा मिनिटं बोलत होता आणि स्वतःच्या जारबद्दल विचारलं तर म्हणे, "हां, आहे चालू काहीतरी." काहीतरी!

त्या पाचातली एक माझी होती, हेही कबूल करते. पिशवीत खरं तर दोन बाटल्या होत्या, एक विकतची आणि एक माझी प्लमची, टॉवेलात गुंडाळलेली, लेबलाच्या जागी चिकटपट्टीवर पेनने लिहिलेली तारीख. दारापर्यंत पक्कं होतं की प्लमचीच काढायची. टेबलावरची चकचकीत लेबलं बघितली आणि हात मुकाट दुसऱ्या बाटलीकडे गेला.

कारण काय, तर ती गढूळ आहे. पेक्टिन, म्हणजे फळातला जॅम घट्ट करणारा पदार्थ, तो तोडणारं पेक्टिक एन्झाइम टाकायला विसरले होते, आणि प्लममध्ये पेक्टिन भरपूर, मग ते धुकं महिनोन्महिने खाली बसत नाही. चवीला त्याने काडीचा फरक पडत नाही हे मीच दहा जणांना सांगत असते.

आपल्याला एवढी लाज कसली वाटते? मी आंबवायला जी ईसी-१११८ नावाची यीस्ट वापरते तीच मोठमोठ्या वायनरीतही वापरतात, तिला काय कळतंय आपण स्टीलच्या टाकीत आहोत का स्वैपाकघरातल्या ५ लिटरच्या जारमध्ये. १.०८८ घनतेला (पाणी १ धरून, साखरेचं अल्कोहोल झालं की ती उतरते) सुरू झालेली माझी प्लम ०.९९६ ला थांबली, म्हणजे साधारण १२ टक्के अल्कोहोल, अगदी व्यवस्थित वाइन आहे ती. आणि घरची म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, "डोळे जाणार नाहीत ना?" अहो, फळ आंबवलं की मिथेनॉल, ते डोळे घालवणारं विषारी अल्कोहोल, किंचित होतंच, तुमच्या त्या महागड्या बाटलीतही असतं!! बाहेरच्यांचं सोडा पण, आपणच आपली बाटली टॉवेलात ठेवल्यावर त्यांना काय बोलणार.

बरं, विकतची प्यायलाच हवी, मान्य. सतत स्वतःचीच प्यायली की जिभेला तिच्या दोषांची सवय होते आणि हवा लागून बिघडलेली वाइनसुद्धा "वेगळी" वाटायला लागते. माझी एक अख्खी बॅच व्हिनेगरच्या वाटेला लागली होती आणि मी तिला महिनाभर "तजेलदार" म्हणत होते, हसू नका.

पण मग तुलना तरी सरळ करा की. लाल रिओहा रिझर्वा विकायच्या आधी किमान ३ वर्षं मुरवतात, त्यातलं १ वर्ष तरी ओकच्या पिंपात. आणि आपण? माझ्या प्लमच्या सहा बाटल्या भरल्या होत्या, त्यातल्या चार मी चार महिन्यांत संपवल्या, कच्च्या, आंबट, घशाला ओरखडे काढणाऱ्या, आणि वर म्हणाले, घरची वाइन अशीच असते. दोष माझ्या घाईचा आणि नाव वाइनचं खराब.

हे टाइप करता करता ती टॉवेलातली उघडलीच शेवटी. आता १४ महिन्यांची आहे. बूच निघाल्यावर आधी विझलेल्या काडीचा वास आला, वाइन टिकायला घालतात ते सल्फाइट जरा सढळ हाताने पडलं होतं, पण ग्लास दोन-चारदा फिरवल्यावर गेला. दिव्यासमोर धरली तर अजून तशीच, पाण्यात दुधाचा थेंब पडल्यासारखी. आंबटपणा मात्र बसलाय, आणि घोट गिळल्यावर मागे प्लमच्या सालीचा तो हलका कडूपणा राहतो ना, तो चार महिन्यांच्या वाइनमध्ये अजिबात नव्हता. मी एकटीच बसलेय आणि सांगायला कुणी नाहीये, दुपारी पाच जण होते तेव्हा पिशवीची चेन लावून बसले होते. मूर्ख बाई.

एकच उरलीय आता. पुढच्या वेळी तीच आणणार, गढूळ तर गढूळ. आणि रिओहावाले साहेब, तुमच्या त्या तीन जारमध्ये नक्की काय आहे ते खाली लिहा, नाहीतर मी घरी येऊन जारच्या एअरलॉकला, त्या गॅस सोडणाऱ्या झडपेला, नाक लावेन.