गोंद कितीही चांगला असो, रिबला टाका हवाच

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. त्याचा सारांश असा: पंखाच्या सांगाड्यावर कापड चढवताना ते रिबला, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळीला, दोऱ्याने शिवणं ही सुती कापडाच्या जमान्यातली सवय, आता पॉलिएस्टर आणि नवे गोंद आलेत, नुसतं चिकटवलं की झालं. इस्त्रीच्या उष्णतेने कापड आवळून जितकं ताणाल तितका पंख मजबूत. आणि रंगाखालचा रुपेरी थर उगाच वजन वाढवतो, तो गाळा. यातला पहिला मुद्दा तर जिवावर बेतणारा आहे.

गोंद मजबूत आहे, हे खरंच. पण कोणत्या ओढीपुढे? पंखाच्या पुढच्या-मागच्या कडांवर कापड वळवून चिकटवतात. तिथे ओढ चिकटलेल्या पृष्ठभागाला समांतर असते आणि गोंद ती सहज पेलतो. रिबच्या माथ्यावर तसं नाही. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी होतो आणि कापड रिबपासून वर उचललं जातं. भिंतीवरची चिकटपट्टी खाली ओढून निघत नाही, पण कोपरा धरून उचलली की सरसर सुटते. इथे तेच घडतं. त्यात रिबची पट्टी अरुंद, म्हणजे गोंदाला जागाही थोडी.

पायपर जे-३ कब घ्या. कमाल वजन सुमारे ५५३ किलो, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १६.६ चौरस मीटर. सरळ उड्डाणातच दर चौरस मीटरला ३३ किलोंच्या आसपास भार येतो, आणि त्यातला मोठा वाटा वरच्या कापडाच्या ओढीचा. उंची राखून ६० अंश कलून वळलात की तो दुप्पट. एका रिबवरचं कापड सुटलं की त्याची ओढ शेजारच्या रिबवर जाते, मग तीही सुटू लागते. फुगलेल्या कापडाने पंखाचा आकारच बिघडतो.

पॉलिएस्टरची पद्धत १९६०च्या दशकात रुजवणाऱ्यांत कॅलिफोर्नियाचे रे स्टिट्स अग्रणी. त्यांच्या पद्धतीतही रिब शिवायच्याच असतात. अमेरिकी विमान प्रशासनाचं एसी ४३.१३-१बी हे मार्गदर्शक टाक्यांमधलं अंतर विमानाच्या कमाल वेगावरून ठरवायला सांगतं. प्रोपेलरच्या झोतातल्या भागात टाके आणखी जवळ. काही विमानांत दोऱ्याऐवजी स्क्रू, रिव्हेट किंवा क्लिपा असतात, आणि काही हलक्या विमानांत रुंद पट्टीवर नुसता गोंदही चालतो. पण तो निर्णय त्या विमानाच्या आरेखनकाराचा. आपल्या विमानाच्या आराखड्यात टाका असेल तर तो घालायचाच.

ताणाचं म्हणाल, तर तापमान ठरलेलं असतं. पॉलिएस्टरला इस्त्री टप्प्याटप्प्याने देतात, शेवटची साधारण १७५ अंश सेल्सिअसला. त्यापुढे तापवलं तर कापड सैल पडतं आणि पुन्हा आवळत नाही. शिवाय अति ताणाने हलक्या रिबा पिळवटतात. म्हणूनच कापड चढवण्याआधी रिबा फितीने एकमेकींना बांधून घेतात. इस्त्रीच्या चकतीवरचा आकडा भरवशाचा नसतो, तळ थर्मामीटरने तपासा. हॉट एअर गन तर नकोच.

रुपेरी थरात ॲल्युमिनियमची पूड असते. ती अतिनील किरण अडवते, आणि या किरणांनीच पॉलिएस्टर कमकुवत होतं. जाड थर वजन वाढवतो हे मान्य, म्हणून तो पातळ पण सलग हवा. पुरेसा झाला का, हे पाहायला पंखाच्या आत दिवा धरतात. बाहेरून उजेड दिसला तर आणखी एक हात मारायचा.