डॉक्टर मोबाईलमध्ये काय बघतात?

रुग्णासमोर बसून डॉक्टरने मोबाईलमध्ये डोकं घातलं की दवाखान्यात शांतता पसरते. खोकणारा खोकायचा थांबतो. बरोबर आलेला मेव्हणा मान तिरपी करून स्क्रीनचा अंदाज घेतो. दोघांच्याही मनात एकच: इथे आम्ही तापाने फणफणलोय आणि हे महाशय व्हॉट्सॲप बघतायत! प्रत्यक्षात मी बघत असतो मेटफॉर्मिनचा, म्हणजे मधुमेहाच्या गोळीचा डोस. समोरच्याच्या रिपोर्टात ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात त्याचा आकडा, चाळिशीत आलाय. ३०च्या खाली गेला की ती गोळी बंदच, पण मधल्या पट्ट्यात किती द्यायची ते एकदा पाहून घेतलेलं बरं. पण हे तोंडावर कुठे लिहिलेलं असतं? डोस शोधणाऱ्याचा आणि क्रिकेटचा स्कोअर बघणाऱ्याचा चेहरा अगदी सारखा दिसतो. दोघांच्याही कपाळावर तीच आठी.

मला हा नाद लागला २०००च्या आसपास. अमेरिकेतल्या मावसभावाने आपला वापरून झालेला पाम, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, मला दिला. तिकडच्या डॉक्टरांत तेव्हा एपोक्रेट्सचा बोलबाला सुरू झाला होता, म्हणजे शेकडो औषधांची माहिती शर्टाच्या खिशात. काचेवर काडीने लिहायचं; तेही आपल्या अक्षरात नव्हे, त्याच्या. ए काढायचा तर मधली आडवी रेघ द्यायची नाही, नुसता उलटा व्ही. माझं अक्षर गावातल्या केमिस्टला अंधारातही लागायचं, पण पामपुढे मी पहिलीतला विद्यार्थी. त्यात बारीक पेन्सिल सेल संपले आणि बदलायला उशीर झाला की आतलं सगळं सफाचट! ते परत भरायला कॉम्प्युटर हवा, कॉम्प्युटरला वीज हवी, आणि वीज आमच्या तालुक्यात लहर लागेल तेव्हा येणार.

एवढं करून मी एकदा मोठ्या ऐटीत ते यंत्र काढलं आणि काडीने टकटक सुरू केली. समोर पोट धरून बसलेले शेतकरी काका माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, अजून नाडी धरली नाहीत, आणि बिल काढायला बसलात?"

पुढे स्मार्टफोन आला आणि ॲपांचा सुकाळ झाला. आधी आपण डॉक्टर असल्याचं सांगायचं, मग पासवर्ड आठवायचा, मग कुठल्याशा नव्या इंजेक्शनची जाहिरात बाजूला सारायची, तोवर रुग्णाचा ताप आपोआप उतरत आलेला. शिवाय ही बहुतेक ॲपं पिंडाने अमेरिकन. आपल्याकडच्या ब्रँडची नावं त्यांच्या गावी नसतात. ती इथल्या सीम्ससारख्या सूचीतच सापडायची. आजी पदराच्या गाठीतून स्ट्रिप काढतात तीसुद्धा नाव असलेल्या बाजूने कापलेली, शिल्लक फक्त एक्स्पायरी डेट.

दोन औषधं एकमेकांशी भांडतील का हे सांगणारी सोय मात्र मला मनापासून आवडते. फक्त तिचा स्वभाव आमच्या एका आत्यासारखा, प्रत्येक स्थळात खोट काढणारा. चार गोळ्यांची नावं टाका, सहा लाल इशारे. एका आजींची कोलेस्टेरॉलची गोळी घातली तर ॲप म्हणे ग्रेपफ्रूटपासून सांभाळा. आता आमच्याकडे ग्रेपफ्रूट कोण खातो, असं म्हणून मी पुढे जाणार होतो. मग आठवलं, ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून झालेलं फळ, आणि आजींच्या परसात पपनसाचं झाड. दोघांचाही गुण तोच: आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम ते अडवतात आणि गोळी रक्तात जास्त उतरते. मी म्हटलं, "आजी, पपनस जरा बेतानं खा."

आजींनी आधी मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझ्या परसातलं झाड ह्याला कोणी सांगितलं? आणि गणपतीत तुझ्याकडे दोन पाठवली, ती बरी चालली तुला!"

विंचवाच्या बाबतीत मात्र ॲपने कहरच केला. भर पावसाळ्यात, रात्री, एका नऊ वर्षांच्या पोराला आणलं. अंगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, नाडी धावतेय. लाल विंचू. औषध मला ठाऊक होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाचे मृत्यू कमी करून दाखवले, ते कोकणातला कुठलाही डॉक्टर विसरणार नाही. किलोला ३० मायक्रोग्रॅम. फक्त पोराच्या वजनाचा हिशेब एकदा पडताळून घ्यावा म्हणून फोन काढला. रेंज फक्त खिडकीत, तीही उजवा हात गजांबाहेर काढला तर. तसा उभा राहून मी विंचू शोधला, तर त्या फुकटच्या ॲपने मला थेट ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन सोडलं. तिथला विंचू निराळा, त्याच्यावरचं प्रतिविष निराळं. मग प्राझोसिन शोधलं, तर लिहिलेलं: उच्च रक्तदाब, वाढलेलं प्रोस्टेट. नऊ वर्षांचं पोर! खाली पावसात उभा राहून पोराचा बाप मला विचारतोय, "साहेब, कोणाला हात करताय?"

शेवटी गुणाकार प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर पेनाने केला. सकाळी पोरगं उठून बिस्किट मागत होतं.

पण गावात चर्चा काय? पोर तडफडत होतं आणि डॉक्टर खिडकीतून फोन लावत होते.

तेव्हा मी उपाय काढला. कॉलेजातलं मेडिसिनचं ते दोन खंडांचं धूड माळ्यावरून खाली आणलं, वाळवीने खाल्लेली पानं सोडून मधोमध उघडून टेबलावर ठेवलं आणि मोबाईल त्याच्या पोटात. काय तो फरक! मी पुस्तकात मान घातली की मेव्हणे हात जोडून बसायला लागले. "आमचे डॉक्टर अजून अभ्यास करतात हो," असं बाहेरच्या बाकावरून ऐकू यायला लागलं. कंपाउंडरने तर स्वतःहून पुस्तकाला खाकी कव्हर घातलं.

हे सुख महिनाभरही टिकलं नसेल. परवा एक शाळकरी पोरगी आईबरोबर आली होती. मी चष्मा वर करून गंभीरपणे पान न्याहाळत होतो. ती वाकून टेबलाच्या कडेला बघत होती, मग खाली भिंतीकडे, मग पुन्हा पुस्तकाकडे. आणि खणखणीत आवाजात आईला म्हणाली, "आई, डॉक्टरकाकांनी पुस्तक चार्जिंगला लावलंय."