डूलाली नाही हो, देवळाली!

आज माझं टाळकं सटकलंय, आधीच सांगते.

दुपारी इंग्लंडच्या क्लायंटचा कॉल होता. सिस्टिम सारखी बंद पडत होती. तिकडचा एक जण वैतागून म्हणाला, ‘डूलाली’ झालीय. म्हणजे पार येडी झालीय. त्याच्यावर राग नाही, तो आपला बोलून गेला. राग आला आपल्याच पुण्याच्या मंडळींचा. एकाने लगेच शोधलं, की हा शब्द देवळालीवरून आलाय, तिथल्या उन्हाने गोरे सोल्जर वेडे व्हायचे म्हणे, आणि “अगं, हे तर तुझं गाव! तरीच!” म्हणत कॉल संपेपर्यंत सगळे दात काढत बसले.

तरीच काय, तरीच? मुंबईच्या पारशी-गुजराती कुटुंबांनी हवापालटासाठी जिथे बंगले आणि सॅनिटोरियमं बांधली ते आमचं नाशिकजवळचं देवळाली कँप. लोक आजारातून उठायला आमच्याकडे येतात, आणि म्हणे गोरे आमच्या उन्हाने वेडे झाले! एप्रिल-मेमध्ये ऊन असतं, मान्य. पण मग नागपूरचं काय?

खरी गोष्ट ऐका. कँप १८६१ चा. मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना विलायतेला धाडण्याआधी इथे आणून ठेवायचे. पण जहाजं सुटायची साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात भरली, तो अख्खा पावसाळा इथेच अडकला. काम नाही, धड परेड नाही, समोर दारू. कुणाला मलेरिया, कुणाला ‘तसले’ रोग, कुणी मारामाऱ्या करून कोठडीत. मग सोल्जर म्हणायचे, याला ‘डूलाली टॅप’ झालाय. तो टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! हिंदुस्तानीतला ‘तप’. देवळालीचा ताप. पुढे ताप गळाला आणि बदनामी गावाच्या माथी राहिली.

माझे आजोबा लॅम रोडला शिंपीकाम करायचे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हाची गोष्ट ते सांगायचे. तेव्हाही परतीच्या जहाजांसाठी गोऱ्यांची गर्दी होतीच. त्यातला एक पोरगा एकच खाकी पँट घेऊन दुकानात यायचा. मोहरी कमी करा. चार दिवसांनी, सैल करा. मग परत कमी. आजोबा म्हणायचे, “शिवण उसवून उसवून कापड विरलं, पण त्याचं काही संपेना.” त्याला पँटशी देणंघेणं नव्हतंच हो. दुकानातल्या स्टुलावर बसून मशीन चालताना बघायचं, एवढंच.

आता कुणीतरी ज्ञान पाजळेल की तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून शब्द आला. मिलिटरी हॉस्पिटल होतं, बरं. पण एकच पँट पुन्हा पुन्हा अरुंद करून घ्यायला इस्पितळ कशाला लागतं? रिकामं बसवलं की माणूस फिरतो. तुम्हाला लॉकडाऊन आठवतोय ना?

मला चीड येते ती ज्यांनी जहाजांचं वेळापत्रक आखलं त्या साहेबांची. पोरांना महिनोन्‌महिने कुजवलं त्यांनी, आणि शिवी झाली आमच्या गावाच्या नावाची. त्या साहेबांच्या नावाचा शब्द आहे का कुठल्या डिक्शनरीत?

हे टाइप करता करता थोडी निवळलेय, खरं सांगायचं तर. त्या पोरांचीही दया येते. ‘ब्लायटी’ म्हणजे मायदेश, हाही त्यांचाच शब्द, आपल्या ‘विलायती’वरून आलेला. म्हणजे ब्लायटीची वाट बघता बघता डूलाली. दोन्ही शब्द आपलेच, आणि ती पोरं ना इथली ना तिथली.

२००९ साली पुण्यात ‘डूलाली’ नावाची मायक्रोब्रुअरी निघाली. तिथे नळातून बिअर येते, म्हणजे ‘टॅप’चा विनोदही झाला. चांगला आहे, हसले मी. पण तिथे जाऊन ‘डूलाली, डूलाली’ करणाऱ्यांनी एकदा तरी ळ म्हणून दाखवावा.

तर आजोबांचं गिऱ्हाईक. एक दिवस एकदम जहाज लागलं, कँप निम्मा रिकामा झाला, आणि पँट दुकानातच राहिली. मोहरी सैल करायला दिलेली. पैसे बुडाले ते बुडालेच. आजोबांनी ती गुडघ्यावर कापली आणि थोरल्या काकांनी शाळेत घातली. आजीला मात्र ती शेवटपर्यंत पसंत नव्हती.

आणि हो, कमेंटमध्ये येऊन ‘आमच्या देवळाली प्रवरेला’ सुरू करू नका. ते राहुरीकडचं, वेगळं गाव आहे.