‘नाटकं करून व्यसनं सुटतात का?’

गेले काही दिवस एक संदेश फिरतोय. मला तो सात-आठ जणांनी पाठवला, त्यातले दोघे शिक्षक. मजकूर थोडक्यात असा: व्यसनविरोधाच्या नावाखाली मुलांकडून नाटकं बसवून घेणं आणि मुलांनाच मुलांचे मार्गदर्शक नेमणं हा पोरखेळ आहे. नाटकाने व्यसन सुटत नाही, उलट मुलांना नको ते कळतं. मुलं मुलांना बिघडवतात, सुधारत नाहीत. त्यापेक्षा गणवेशातला पोलीस बोलवा, सडलेल्या फुफ्फुसांचे फोटो दाखवा. एकदा भीती बसली की मूल त्या वाटेला जाणार नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण भीतीचा उपाय जगात भरपूर वापरून आणि मोजून झालाय. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस अधिकारी गणवेशात वर्गावर येऊन अमली पदार्थांपासून दूर राहायला शिकवायचे. पालक खूश, पोलीस खूश, कार्यक्रम देशभर पसरला. १९९४ मध्ये त्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हा दिसलं की मुलांच्या माहितीत भर पडली, पण अमली पदार्थांच्या वापरावर परिणाम अगदीच थोडा. पुढे १९९८ पासून अमेरिकी सरकारने अमली पदार्थांविरोधी जाहिरातींवर सुमारे एक अब्ज डॉलर ओतले. मूल्यमापनात गांजाचं प्रमाण घटल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट जाहिराती जास्त पाहिलेल्या काही मुलांचा ‘म्हणजे बरेच जण ओढत असणार’ असा समज झाल्याची चिन्हं दिसली. किशोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम भरवण्याचा प्रकार तर आणखी अंगलट आला: तिथे नेलेल्या मुलांनी न नेलेल्यांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले.

यात नवल नाही. सिगारेट समोर येते तेव्हा कुणाला तीस वर्षांनंतरचं फुफ्फुस आठवत नाही. समोरच्या चार मित्रांचे चेहरे तेवढे दिसतात.

‘नाटकाने व्यसन सुटत नाही.’ मान्य, सुटत नाहीच. ज्याला व्यसन जडलंय त्याला उपचार लागतात, समुपदेशन लागतं, कधी औषधं लागतात. त्याला नाटक दाखवून काही होणार नाही. पण हे काम त्याच्यासाठी नसतंच, ज्याने अजून सुरुवात केलेली नाही त्याच्यासाठी असतं. संदेश लिहिणाऱ्याने प्रतिबंध आणि उपचार एकाच पोत्यात भरलेत.

अशा तालमी मी पाहिल्यात, आणि दर वेळी एक गंमत होते. आग्रह करणाऱ्याची भूमिका कुणालाही द्या, तो ती झोकात करतो. ‘एकदाच रे’, ‘घाबरला काय’, ‘आईला विचारून येतोस का?’ संवाद लिहून द्यावेच लागत नाहीत. नाकारणाऱ्याकडे मात्र एकच शब्द असतो: ‘नको’. तो दोनदा म्हणून झाला की पोरगं प्रेक्षकांकडे बघायला लागतं. दुबळी बाजू कुठली, हे भाषणात कधीच असं उघडं पडत नाही.

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात घडवलेलं ‘फोरम थिएटर’ इथेच कामाला येतं. छोटा प्रसंग वाईट शेवटापर्यंत दाखवायचा, मग पुन्हा सुरू करायचा. या वेळी प्रेक्षकांतलं कुणीही ‘थांबा’ म्हणून उठतं, अडचणीत सापडलेल्या पात्राची जागा घेतं आणि आपला मार्ग करून बघतं. आग्रह करणारे सोडत नाहीत, दाबतच राहतात. कुणी विनोदावर नेतं, कुणी विषय बदलतं, कुणी दुसऱ्या मित्राला बाजूला ओढून गट फोडतं. एखादा येऊन जोरदार भाषण देतो आणि सगळे हसतात, कारण खऱ्या आयुष्यात असं कुणी बोलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अर्ध्या तासात ‘नको’ म्हणायच्या सात-आठ तऱ्हा हाताखालून जातात. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलं होतं की दबावाचा सौम्य डोस आधी मिळाला आणि त्याला उत्तर द्यायचा सराव झाला, तर माणूस खऱ्या दबावापुढे टिकतो. लशीसारखंच.

मात्र कवटीचा मुखवटा घालून ‘मी दारू!’ असं गर्जत येणारं पात्र, शेवटी शपथ आणि टाळ्या, एवढंच तुमचं नाटक असेल तर संदेशवाल्याशी माझं भांडण नाही.

‘नको ते कळतं’ याचं उत्तर सोपं आहे. पदार्थ कसा घेतात, कुठे मिळतो, हे दाखवायची गरजच नसते. प्रसंग संवादाचा असतो. रिकामा हात पुढे केला तरी पुरतो.

उरला मुद्दा मुलं मुलांना बिघडवण्याचा. मित्रांचा प्रभाव खराच आहे. २००५ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात किशोरांना संगणकावर गाडी चालवायला दिली. मित्र शेजारी असताना त्यांनी एकट्यापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. पण मग एवढी ताकद मित्रांत आहे, तर ती फक्त एकाच बाजूने वापरू द्यायची का? वेल्स आणि पश्चिम इंग्लंडमधल्या ५९ शाळांत १२-१३ वर्षांच्या दहा हजारांहून अधिक मुलांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २००८ मध्ये आले. मार्गदर्शक कोण हे शिक्षकांनी नाही, मुलांनीच सुचवलं. त्यांना शाळेबाहेर दोन दिवस प्रशिक्षण मिळालं. मग दहा आठवडे त्यांनी सिगारेट न ओढण्याबद्दल फक्त गप्पा मारायच्या होत्या: बसमध्ये, डबा खाताना, खेळताना. व्यासपीठ नाही, भाषण नाही. दोन वर्षांच्या पाहणीत, असे मार्गदर्शक नसलेल्या शाळांच्या तुलनेत, त्या शाळांत धूम्रपानाची शक्यता सुमारे एक पंचमांशाने कमी भरली. काळाबरोबर परिणाम ओसरत गेला, हेही त्याच पाहणीत आहे.

संदेशात एक दाणा खरा आहे, तो टाकून देणार नाही. आधीच वाकड्या वाटेला लागलेल्या मुलांचा वेगळा गट करून त्यांना एकत्र बसवलं की ती एकमेकांना आणखी चढवतात, हे १९९९ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात मांडलंय. २००७ च्या एका अभ्यासात मित्र-केंद्रित कार्यक्रमाने बहुतेकांचा फायदा झाला, पण ज्यांचे मित्र आधीच नशा करत होते त्यांचं नशेचं प्रमाण वाढलं. म्हणजे गट कसा जमवायचा, यावर बरंच काही अवलंबून आहे.

संदेश पाठवणाऱ्या शिक्षकांपैकी एकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मग मार्गदर्शक म्हणून पहिल्या बाकावरची हुशार मुलं घेऊ?’ मी म्हटलं, सर, चिठ्ठ्या वाटा, तुम्ही कुणाचं ऐकता असं मुलांना विचारा, आणि जी नावं येतील त्यांवर काट मारू नका. आणि एखादा मित्र ‘मी घेतो’ असं मार्गदर्शक मुलाजवळ बोलला, तर त्याने कुठल्या मोठ्या माणसाकडे जायचं, हे आधी ठरवा. ते ओझं चौदा वर्षांच्या पोराने एकट्याने वाहायचं नसतं.