हळद लागलेल्या मेंढ्या

दुपारचे तीन चाळीस. अंधारून आलंय आणि मी रस्त्याच्या कडेला कचऱ्याच्या डब्यासमोर गुडघे टेकून बसलोय. शेजारचे आजोबा कुत्र्यासकट थांबले. "काही हरवलंय का?"

"नाही, फोटो काढतोय."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आज जरा ओलसरच आहे, नाही?" म्हणाले आणि निघून गेले. इथे तुम्ही वेड्यासारखे वागलात की लोक हवेबद्दल बोलतात. शहाण्यासारखे वागलात तरी हवेबद्दलच बोलतात. त्यामुळे आपल्याविषयी त्यांचं मत काय झालंय, ते शेवटपर्यंत कळत नाही.

इंग्लंडात, श्रॉपशरमधल्या या खेड्यात आम्ही आलो बायकोच्या नोकरीपायी. मी घरून काम करतो. फलटणहून आई म्हणाली, "रोज एक फोटो टाकत जा. तिथलं साधं, रोजचं. म्हणजे तू बरा आहेस एवढं कळेल." मी हो म्हणून बसलो. सप्टेंबर होता, कुंपणांना ब्लॅकबेऱ्या लगडलेल्या, सात वाजता लख्ख उजेड. सप्टेंबरात कोणीही कशालाही हो म्हणतं.

डिसेंबरात इथला सूर्य चारच्या आत आटोपतो. चार वाजता फलटणला साडेनऊ होतात. म्हणजे सूर्याची आणि आईची निजायची वेळ एकच.

गावातलं बघण्याजोगं सगळं पहिल्या पंधरवड्यातच संपलं होतं. चर्च, त्याच्या आवारातलं म्हातारं यू झाड, टेलिफोनचं लाल खोकं. हे खोकं गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली, पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त रेखाटलं. आता आत फोन नाही, बंद पडणाऱ्या हृदयाला शॉक देण्याचं यंत्र आहे. हे सगळं मी आईला लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं, "कपाट छान आहे." अकराव्यांदा तेच खोकं पाठवलं तेव्हा, "कपाट पाहिलं."

फाटकापाशी ठेवलेली अंडी आणि शेजारी पैशाचा डबा, राखायला कोणी नाही, हा फोटो मात्र चालला. "आणि कोणी उचलून नेत नाही?" दुसऱ्या दिवशी सकाळीच विचारणा, "आहेत का अजून?"

मग मी शेतांकडे वळलो. इथे दुसऱ्याच्या शेतातून जाणारी सरकारमान्य पायवाट असते. कुंपण आलं की लाकडी पायरी चढायची आणि पलीकडे उतरायचं, थेट चिखलात. नोव्हेंबरात असाच उतरलो. एक गमबूट माझ्याबरोबर आला, दुसरा मागे राहिला. एका पायावर तोल सांभाळत जो फोटो काढला, त्यात मेंढ्या होत्या. पाठमोऱ्या, आणि कमरेवर पिवळेधमक पट्टे.

आईचा लगेच फोन. "अगंबाई, मेंढ्यांना हळद लागली?"

शेतकऱ्याला गाठून विचारलं. त्याने फाटकावर कोपर टेकवून अगदी निवांत सांगितलं. पाच नोव्हेंबरला, फटाक्यांच्या रात्री, तो मेंढा कळपात सोडतो. मेंढ्याच्या छातीला पट्ट्याने रंगाचा जाड खडू बांधलेला. कार्य उरकलं की मेंढीच्या पाठीवर त्याची पोच उमटते. मेंढी साधारण सतरा दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणून तेवढ्या दिवसांनी खडू बदलायचा. आधी फिका रंग, मग गडद, म्हणजे वरचा दिसतो. पिवळ्यावर हिरवा चढला की समजायचं, पहिल्या खेपेला राहिलं नाही. आणि राहिलं, तर १४७ दिवसांनी, एक एप्रिलला, कोकरू.

आता हे आईला कसं सांगायचं? वय बेचाळीस, पण काही विषय आमच्या घरात अजून निघालेले नाहीत.

"आई, तो जो मेंढा असतो ना... त्याच्या छातीला..."

"कळलं. पाच महिने लागतात." आईचं माहेर लोणंदजवळ. धनगरांच्या मेंढ्या दरवर्षी तिच्या वडिलांच्या रानात बसायला असत. "म्हणजे हळदच की रे! मी वेगळं काय म्हटलं?"

त्या दिवसापासून लाल खोकं, चर्च, अंडी, सगळं बाद. महिनाअखेरीस तीन मेंढ्या हिरव्या झाल्या. आईने फोटो मोठा करून मोजल्या. "होतं असं," ती म्हणाली, "त्यांना जरा बरं खायला घाल म्हणावं." मी ही सूचना शेतकऱ्याला पोचवली. तो बराच वेळ ढगांकडे बघत राहिला आणि मग उद्याच्या पावसाबद्दल बोलला.

माझ्या फोनमध्ये आता मेंढ्यांच्या पार्श्वभागाचे सत्तर-एक फोटो आहेत. परवा जेवायला आलेल्या पाहुण्यांना बायको म्हणाली, "अहो, यांनी इथल्या निसर्गाचे फार सुंदर फोटो काढलेत." मी फोन खिशात घातला आणि भात वाढायला उठलो.

गेल्या आठवड्यात मला सणकून ताप भरला. उठवेना, म्हणून पांघरुणातूनच खिडकीच्या ओघळत्या काचेचा फोटो काढून पाठवून दिला. अर्ध्या मिनिटात फोन वाजला. मी कण्हतच उचलला.

"आज मेंढ्या नाहीत?" आई काळजीने विचारत होती. "बऱ्या आहेत ना त्या?"