लघवीची नळी कधी टाकली, कुठं लिहिलंय का?

गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दवाखान्याचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सरकारीत घाण, दुसरी म्हणते प्रायव्हेटवाले लुटतात. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ पेशंट गेल्याची बातमी आली, मग खासदारांनी डीनसाहेबांना संडास साफ करायला लावला, तो व्हिडिओ मला इथं ह्यूस्टनला नर्सच्या नाईट ड्युटीत सहा जणांनी पाठवला. संडासावर सगळे भांडले, वॉर्डातल्या नोंदींच्या वहीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

वहीचं का म्हणते ते सांगते. गेल्या दिवाळीत अण्णा बांधावरून पडले, खुबा मोडला, लातूरला एका प्रायव्हेटमध्ये ऑपरेशन झालं. मी पोचले तेव्हा सहावा की सातवा दिवस, लघवीची नळी तशीच. सिस्टरला विचारलं कधी टाकली, तर म्हणाली ऑपरेशनच्या दिवशीच असंल. केसपेपरवर 'कॅथेटर टाकला' एवढंच, तारीख नाही. अजून का ठेवलीय? "म्हातारं माणूस, उठबस नको म्हणून." सोनोग्राफीला नेताना चुलतभाऊ पिशवी सलाईनसारखी खांद्याच्या वर धरून चाललेला, मी ओरडले तर म्हणतो, "अगं ताई, खाली धरली तर घासंल की!" पिशवी वर गेली की साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याची काय चूक. त्याच रात्री अण्णांना थंडी वाजून ताप.

इथं आमच्या वॉर्डात नळी टाकली की कॉम्प्युटर पिच्छा सोडत नाही, तारीख, वेळ, कुणी टाकली, किती नंबरची, नळी आत धरून ठेवणाऱ्या फुग्यात किती पाणी, अन् प्रत्येक शिफ्टला तोच प्रश्न की अजून कशाला ठेवलीय. कारण नसेल तर ठरलेल्या नियमात बसवून आम्ही नर्सच काढून टाकतो. रोज ठरल्या वेळी किती जणांना नळी आहे ते मोजायचं, त्याची बेरीज म्हणजे कॅथेटर डे, अन् नळीमुळं झालेले लघवीचे इन्फेक्शन सांगायचे ते १००० कॅथेटर डेमागं किती असे. नळीला दोन दिवसांच्या वर झाले असतील तरच इन्फेक्शन तिच्या नावावर धरतात, म्हणजे तारीखच नसेल तर हिशोब सुरूच होत नाही. आपल्याकडंही एनएबीएचवाल्या, म्हणजे दर्जाचं सर्टिफिकेट घेतलेल्या, दवाखान्यांना हा आकडा ठेवावा लागतो, ते वेगळं.

पण इथलं सगळं सोन्याचं आहे असं नका समजू. २००८ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअरनं, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यानं, दवाखान्यात लागलेल्या या इन्फेक्शनचे जादा पैसे बंद केले, तेव्हापासून मॅनेजमेंट आकड्याला लई जपतं. लघवी कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला, पाठवायची म्हटलं की "खरंच गरज आहे का?" आता नळीवाल्याच्या लघवीत नुसते जंतू सापडले म्हणजे इन्फेक्शन नव्हे, हे खरंय, पण प्रश्न दरवेळी तेवढ्यासाठीच असतो असं नाही. अन् शिफ्ट संपताना पेशंटकडं न बघता टिक मारणं? मी पण मारलीय, खोटं कशाला बोलू.

हे सगळं माझ्या नर्सिंगच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, ती मराठवाड्यातच सरकारी नोकरीत आहे. म्हणाली, तुझ्याकडं पाच पेशंट, माझ्याकडं चाळीस, पिशव्या नातेवाईकच रिकाम्या करतात. बरं बाई, म्हटलं कॉम्प्युटर नको, पिशवीवर चिकटपट्टी लावून नुसती तारीख लिही. तर ती हसली. "लिहिली, अन् राऊंडला साहेबांना दहा दिवसांपूर्वीची दिसली, तर कोणाला झापतील? मलाच की." यावर मला उत्तर सुचलं नाही. डीनलाच कॅमेऱ्यापुढं झाडू धरायला लावतात तिथं सिस्टर स्वतःच्या हातानं पुरावा लिहून ठेवंल कशाला?

अण्णांची नळी मी भांडून काढायला लावली, ताप पाच दिवसांनी गेला. डिस्चार्ज कार्डवर इन्फेक्शनचा उल्लेख नाही, "ताप – उपचार दिले" एवढंच. बिलात मात्र महागाच्या अँटिबायोटिकची दहा इंजेक्शनं आहेत, तारीख-वेळेसकट.