चेनसॉ घेण्याआधी तिचे सुटे भाग कुठे मिळतात ते विचारा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पाठोपाठ २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ येऊन गेले. हातकरवतीने पडझड उपसायला गडी मिळेनात, तेव्हा अनेक बागायतदारांनी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवती घेतल्या, आणि त्यात गैर काहीच नव्हते. मात्र घेताना आपण किंमत, पात्याची लांबी आणि इंजिनाचे सीसी पाहतो. मोडल्यावर सुटे भाग कोण देणार, हे विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असावा.

आमच्या चेनसॉवर फणसाची फांदी कोसळली, तेव्हा मागची मूठ आणि साखळीवरचे झाकण फुटले. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते: याचे पार्ट येत नाहीत, नवीनच घ्या. हे उत्तर बहुतेक वेळा खरे नसते. बाजारात निरनिराळ्या रंगांत आणि नावांनी विकली जाणारी ५२ व ५८ सीसीची स्वस्त चिनी यंत्रे मुळात एकाच घडणीची असतात, त्यामुळे एकाचा कार्बोरेटर, क्लच किंवा स्टार्टर दुसऱ्याला बहुधा बसतो. म्हणून दुकानात नाव सांगत बसण्यापेक्षा मोडलेला भाग सोबत न्यावा आणि मापे सांगावीत. साखळीसाठी पिच (कड्यांमधले अंतर), गेज (पात्याच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या त्याच कड्यांची) संख्या एवढे तीन आकडे पुरतात व ते पुष्कळदा पात्यावरच कोरलेले असतात. या यंत्रांच्या वीस इंची पात्याला सहसा .३२५ इंच पिच, .०५८ इंच गेज आणि ७६ लिंकची साखळी लागते. लहान यंत्रांची साखळी वेगळी असते व ती वरवर पाहता सारखीच दिसते. पिस्टनच्या बाबतीत तर फरक केसाएवढा असतो. ५२ सीसी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रात बहुधा ४५ मिलिमीटरचा आणि ५८ च्या यंत्रात ४५.२ मिलिमीटरचा पिस्टन असतो. तो डोळ्यांनी ओळखण्याच्या फंदात पडू नये; सिलिंडर आणि पिस्टन जोडीनेच घ्यावेत.

मदतीसाठी शहरातल्या सर्व्हिस सेंटरकडेच धाव घेण्याची गरज नाही. गावोगावी ग्रासकटर दुरुस्त करणारे मिस्तरी आहेत. ग्रासकटर बहुधा टू-स्ट्रोक असतो, त्याचा कार्बोरेटरही डायफ्रामचाच (आत पातळ लवचिक पडदा असलेला) असतो, त्यामुळे चेनसॉच्या इंजिनाचे दुखणे त्यांना लगेच कळते. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून दिलेले यंत्र सुरू होत नसेल, तर पुष्कळदा इंजिनात काहीच बिघडलेले नसते. डायफ्राम कडक झालेला असतो किंवा पेट्रोलची नळी चिरलेली असते. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओलावा लवकर धरतो, हेही त्यामागचे एक कारण. असे असताना थेट नवा कार्बोरेटर गळ्यात मारणारा मिस्तरी भेटला, तर दुसरा शोधावा. उलट, दोरी ओढताना अजिबात जोर लागत नसेल, तर सायलेन्सर काढून पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे असले, तर पेट्रोलमध्ये मिसळायचे टूटी ऑइल कमी पडून तो सीज झाल्याची (तापून सिलिंडरला घासल्याची) शक्यता मोठी असते आणि अशा वेळी खर्चाचा हिशेब मांडूनच पुढे जावे.

तुटलेली मूठ तात्पुरती बांधून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि कोकणी माणसाच्या या हिकमतीचे मला कौतुकही आहे. परंतु साखळी थांबवणारा ब्रेक आणि तुटलेली साखळी अडवणारा कॅचर यांच्याबाबत जुगाड नको. चेन ब्रेकचा पट्टा वेल्डिंग करून वापरण्यापेक्षा तो भाग येईपर्यंत चेनसॉ बंद ठेवणे परवडते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि सुरुवातीच्या चार क्षेत्रांत शेती अवजारांचाही समावेश केला. याच विषयाचे सरकारी पोर्टलही त्या वर्षअखेरीस सुरू झाले. हा हक्क तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचवायचा असेल, तर निदान साखळीची तीन मापे, पिस्टनचा व्यास आणि सुटे भाग मिळण्याचे ठिकाण विक्रेत्याने बिलावर लिहून द्यावे. नव्या चेनसॉचे पैसे मोजण्याआधी एवढे लिहून मागायला हरकत नाही.